डिप्रेशनची गोळी, मे महिना आणि आप्पांचं सोडियम

तापीकाठची लेक | ९ मे, रात्री १०:४०

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते, रावेर तालुक्यात. यंदा आईची पहिली घागर. आप्पा ओसरीवर खाटेवर बसलेले. मला बघून म्हणाले, "आलीस? बस, तुझी माय चहा ठेवतेय."

आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

वहिनीने मला आत ओढलं. "चार दिवसांपासून असंच चाललंय ताई. रात्री उठून मोटर चालू करायला निघतात. परवा न्हाणीत पडले." गल्लीचं निदान तयारच होतं: म्हातारचळ. एक काकू म्हणाल्या, घागरीच्या निमित्ताने ती आलीय, तीच बोलावतेय. मी हसले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटून गेलं.

आता मागचं सांगते. आप्पा ७१ वर्षांचे. बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, त्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं. आई गेल्यावर त्यांचं जेवण तुटलं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. ज्या माणसाने केळीच्या बागेत एक दिवस खाडा केला नाही, त्याने दोन महिने बांध ओलांडला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला दादाने त्यांना एका डॉक्टरांकडे नेलं. एस्सिटालोप्राम १० (डिप्रेशनचं) आणि क्लोनाझेपाम ०.५ (झोपेचं, शांत करणारं) एकत्र असलेली गोळी मिळाली, रात्री जेवणानंतर एक. "महिन्याने या." झालं. आधी काय चालू आहे हे कुणी विचारलं नाही, आणि दादानेही सांगितलं नाही. त्याला वाटलं, बीपीचा आणि मनाचा काय संबंध?

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. घरातले सगळे त्यांना तांब्यावर तांब्या पाणी पाजत होते. बीपी म्हणून मीठ आधीच कमी केलेलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, "घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणलीय का?" पिशवी बघितली आणि रक्तातलं सोडियम तपासायला पाठवलं. ११७ आलं. १३५ च्या वर हवं असतं म्हणे. पाच दिवस आयसीयू. तिसऱ्या दिवशी आप्पांनी मला ओळखून विचारलं, "तू कधी आलीस? आणि मला इथं का आणलंय?"

मला कुणाशी भांडायचं नाही. आप्पांना औषधाची गरज होती, हे मला आजही मान्य आहे. पण ज्यांनी या गोळ्या घेतल्यात किंवा घरात कुणाला दिल्यात, त्यांना एवढंच विचारायचंय: तुम्हाला कोणती गोळी मिळाली, आणि देताना काय काय सांगितलं होतं?

कळण्याची भाकरी | ९ मे, रात्री ११:०५

बापरे ताई. आता कसे आहेत आप्पा? आधी ते सांगा.

तापीकाठची लेक | ९ मे, रात्री ११:१८

घरी आलेत. चालताना हात धरावा लागतो. मन मात्र आहे तिथेच आहे, कारण ती गोळी बंद केली आणि पुढचं मानसोपचारतज्ज्ञांना विचारायला सांगितलंय. २२ ची वेळ मिळाली.

औषधवाला चोपडा | १० मे, सकाळी ८:२०

ताई, काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. तुम्ही लिहिलेली जोडगोळी आमच्याकडे या प्रकारात सगळ्यात जास्त खपते. लिहून देणारे फक्त मनाचे डॉक्टर नसतात. फॅमिली डॉक्टर देतात, पोटाचे देतात, हृदयाचे देतात. छातीत धडधड झाली, ईसीजी चांगला आला, की चिठ्ठीवर ही असते. पेशंटला ती "झोपेची गोळी" म्हणूनच माहीत असते. डिप्रेशन हा शब्द त्याच्यासमोर कुणी काढलेलाच नसतो.

दुसरं म्हणजे, गोळ्यांचा पूर्ण पत्ता घेणारे थोडे. "पाच कापून द्या." कापलेल्या तुकड्यावर कधी नाव राहतं, कधी नुसती किंमत. मग तुमच्या त्या डॉक्टर बाईंसारखी कुणी पिशवी मागितली, तर पिशवीत निघतो चांदीचा कागद. मी आता नाव असलेला भाग पेशंटला देतो आणि उरलेला माझ्याकडे ठेवतो. नुकसान होतं थोडं, होऊ द्या.

तिसरी गोष्ट सांगायला कसंतरी वाटतं. हात आखडला की लोक आधी मनाची गोळी सोडतात. बीपीची सोडत नाहीत, साखरेची सोडत नाहीत. "आता बरं वाटतंय" म्हणतात. तीन आठवड्यांनी तोच माणूस जुनी चिठ्ठी घेऊन दुकानात. झोपेचं अल्प्राझोलाम तर बिनचिठ्ठीचं मागायला येतात आणि नाही म्हटलं की रागावतात. ते सरकारच्या एच-१ यादीतलं औषध आहे, वेगळ्या वहीत पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. ओळखीवर देता येत नाही हो.

भुसावळकर ४७ | १० मे, सकाळी ९:०२

(आयडीतला ४७ म्हणजे वय नव्हे, तापमान.)

माझं स्पष्ट मत: या सगळ्या सवय लावणाऱ्या गोळ्या आहेत. आमच्या आजोबांनी तीन दुष्काळ काढले, त्यांना कुणी गोळी दिली नाही. आणि केळीत म्हणे सेरोटोनिन, ते मन खुश ठेवणारं रसायन, असतं. मग रावेरच्या माणसाला बाहेरून गोळी कशाला?

कळण्याची भाकरी | १० मे, सकाळी ९:१५

आजोबांना कुणी विचारलं होतं का भो, कसं वाटतंय म्हणून?

पारोळ्याचा निवासी | १० मे, रात्री ११:५०

मी मानसोपचार शाखेचा निवासी डॉक्टर. ड्युटी संपवून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. इथल्या लिखाणावरून कुणीही आपली गोळी बदलू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

ताई, तुमच्या आप्पांचं जे झालं ते पुस्तकात जसंच्या तसं आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन हा सगळा एक गट. या गोळ्यांमुळे काही जणांच्या शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त काम करू लागतं. लघवीवाटे जायला हवं ते पाणी आतच राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. तरुणात हे क्वचित दिसतं. पण वय ६५ च्या पुढे, अंगाने बारीक, आणि जोडीला बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (तेच लघवीवाटे पाणी काढणारं औषध), म्हणजे तिन्ही बाजूंनी वाट मोकळी. बहुतेकदा हे पहिल्या महिन्यातच होतं. सुरुवातीला मळमळ, डोकं जड, तोल जाणं. मग बरळणं. आणखी खाली गेलं तर फिट. मेंदूला सूज येत असते आणि घरचे समजतात वय झालं.

तुमच्या पोस्टमधली पाणी पाजण्याची गोष्ट वाचून मी थांबलो. ज्याच्या शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, त्याला प्रेमाने आणखी पाणी. पण कृपा करून उलटा अर्थ घेऊ नका. या उन्हात म्हाताऱ्या माणसाचं पाणी आपल्या मनाने तोडलं तर तो दुसऱ्याच मार्गाने जाईल. सोडियमची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि दोन ते चार आठवड्यांनी एकदा, एवढं ज्येष्ठांच्या बाबतीत व्हायला हवं.

"मिठासाठी पाच दिवस आयसीयू?" असं नातेवाईक आम्हाला विचारतात. बराच काळ खाली गेलेलं सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून मोजून मापून, दिवसाला थोडं थोडंच वाढवतात.

आता ती जोडगोळी. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात तर उलट मळमळ, जुलाब, अस्वस्थपणा वाढतो. याच दिवसांत निम्मे लोक "मानवली नाही" म्हणून सोडतात की काय, असं ओपीडीत बसलं की वाटतं. ते दिवस निभावून नेण्यासाठी क्लोनाझेपाम देतात आणि काही आठवड्यांत ते हळूहळू काढून घ्यायचं असतं. पण दोन्ही एकाच गोळीत कोंबली की एक काढून दुसरं ठेवणार कसं? मग तीच गोळी वर्षानुवर्षं चालते. भुसावळकर, सवयीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. ती सवय या जोडीतल्या क्लोनाझेपामची असते, आणि नाव बदनाम होतं दुसऱ्याचं. म्हाताऱ्या माणसात क्लोनाझेपामने तोल जातो, रात्री पडतो, खुब्याचं हाड मोडतं. आप्पा न्हाणीत पडले त्यात त्याचाही हात असू शकतो.

केळीबद्दल: सेरोटोनिन असतं खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मध्ये पहारा आहे. नाहीतर रावेर-यावल हे जगातले सगळ्यात सुखी तालुके झाले असते, भाव पडले तरी.

औषधवाला चोपडा | ११ मे, सकाळी ७:५५

डॉक्टरसाहेब, जोडगोळीचं हे मला इतक्या वर्षांत औषध कंपनीच्या कुठल्याही एमआरने सांगितलं नव्हतं.

नाव नको | ११ मे, दुपारी २:३०

अमळनेरच्या बाजूचा आहे, शाळेत शिकवतो. नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत नाही.

कोविडमध्ये भाऊ गेला, त्यानंतर पॅरॉक्सेटिन सुरू झाली. गुण आला. दीड महिन्यात पुन्हा वर्गात उभा राहिलो. पण दुसरं एक झालं, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. बायकोजवळ जायची इच्छाच मेली. कधी इच्छा झालीच तर शेवटापर्यंत पोचायचं नाही. मी गप्प. तिला वाटलं, माझं मन दुसरीकडे लागलंय. आठ महिने आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहिलो. माहेरी गेली तेव्हा तिने तिच्या आईला काय सांगितलं असेल, याचा विचार करून अजून कान तापतात.

शेवटी एक दिवस गोळी बंद केली. परस्पर, एका झटक्यात. तिसऱ्या दिवशी धुळ्याला जाणाऱ्या एसटीत मान वळवली आणि डोक्याच्या आत वीज चमकल्यासारखा झटका. पुन्हा वळवली, पुन्हा झटका. घाम, गरगर, रडू. वाटलं, अटॅक आला. शेजारच्या आजी म्हणे, "काय व्हयनं रे भाऊ तुले? पानी पे." त्यांच्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायलो आणि पुढच्या स्टँडवर उतरून गेलो.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत, कागदावरची नजर न उचलता विचारलं, "संबंधांत अडचण आहे का?" इतक्या साधेपणाने, जसं खोकला आहे का विचारावं. मी तिथेच रडलो. गोळी बदलली, जुनी सहा आठवड्यांत पायरी पायरीने उतरवली. बायकोला बरोबर न्यायला सांगितलं. तिला डॉक्टरांकडून कळलं, माझ्याकडून नाही. याची लाज अजून आहे.

पारोळ्याचा निवासी | ११ मे, रात्री १०:१०

सर, लिहिलंत हे फार बरं केलंत. हा त्रास नेहमीचा आहे, पेशंट आपणहून सांगत नाही आणि आम्ही गर्दीत विचारत नाही. या गटात पॅरॉक्सेटिन त्यासाठी जास्त कुप्रसिद्ध. आणि अचानक सोडल्यावर विजेचे झटके, तेही पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये जास्त, कारण ती शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुओक्सेटिन रेंगाळत जाते, म्हणून तिच्यात कमी. शरीरसंबंधांच्या बाबतीत मिर्टाझापिन किंवा बुप्रोपिऑन सौम्य. पण मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, आणि फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन देत नाहीत. एकाला औषध ते दुसऱ्याला अडचण, असं असतं हे.

झटके येतात म्हणजे व्यसन लागलं असं नव्हे. व्यसनात माणूस डोस वाढवत जातो, गोळीसाठी तगमगतो. इथे मेंदूला उतरायला पायऱ्या लागतात, एवढंच.

कापूसकोंडा | १२ मे, सकाळी ६:४५

आमची गोष्ट उलटी. धाकटा भाऊ, २४ वर्षांचा, पारावरही येईना, नुसता पडून. जवळच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम दिली. तिसऱ्या आठवड्यात असा उठला की घर आनंदात. मग झोपेनाच. तीन रात्री. गावात सगळ्यांना चहा-भजी, जुन्या ट्रॅक्टरचा इसार देऊन आला, बाजार समितीत आलेले कापसाचे पैसे दोन दिवसांत संपवले. अडवलं तर वडिलांवर हात उगारला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं झालं होतं का? आई खाली बघत म्हणाली, मामाला. मामाला साखळीने बांधायचे हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नाही हे खरं. पण विचारलं असतं तरी आईने सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं. त्याच्या लग्नाचं बघत होतो ना तेव्हा.

आता मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियमवर आहे, बरा आहे. उन्हाळ्यात ऊस तोडायला जाऊ नको म्हणून सांगितलंय, घाम फार गेला तर लिथियम रक्तात वाढतं म्हणे.

पारोळ्याचा निवासी | १२ मे, रात्री ९:३०

हो. हात थरथरले, जुलाब लागले, पाय लटपटले तर वाट बघू नका, त्याच दिवशी लिथियमची पातळी तपासा. आणि अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्याने ती पातळी आणखी चढते.

तुमच्या भावाचा आजार दोन टोकांचा (बायपोलर) आहे. अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन तळातून निघून थेट छपरावर जाऊ शकतं. म्हणून मामा-काकाची चौकशी. २५ च्या आतल्या मुलांत अजून एक गोष्ट: सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ मध्ये लहान मुलांसाठी तशी ठळक सूचना औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावली, २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंत वाढवली. याचा अर्थ देऊ नये असा नाही. पहिला महिना दर आठवड्याला भेट, गोळ्या घरच्यांच्या ताब्यात. आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे डबेही कुलपात.

अक्राणीचा गुरुजी | १३ मे, संध्याकाळी ७:२०

तुम्ही सगळे "दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो" असं किती सहज लिहिता. धडगावच्या वरच्या पाड्यावरून नंदुरबार म्हणजे जाऊन-येऊन सगळा दिवस आणि मजुरी बुडाली. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशाच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. आता नंदुरबारला शासकीय मेडिकल कॉलेज झालं, जळगावला झालं, धुळ्याचं तर जुनंच. फरक पडलाय, नाही म्हणत नाही.

आमच्याकडे बाई डॉक्टरला "मन उदास आहे" असं सांगत नाही. डोकं दुखतं, अंग जळतं, पायाला मुंग्या. मग सलाईन, सुई, दुखण्याच्या गोळ्या. कुणी हुशार डॉक्टर भेटला तर अमिट्रिप्टिलिन, ही डिप्रेशनची जुनी गोळी, रात्रीची. त्याने झोप लागते, दुखणंही कमी होतं, पण तोंडाला कोरड आणि पोट घट्ट. एका म्हाताऱ्या बाबाची तर लघवीच अडली. नंतर कळलं, प्रोस्टेट वाढलेला होता.

आणि भगताला शिव्या देऊ नका. मी एका भगताशी बोलून ठेवलंय: तू तुझा दाणा बघ, पण तीन दिवस झोपला नाही, जेवला नाही, तर त्याला माझ्याकडे पाठव. दोघांना पाठवलं त्याने. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. रेंज मिळाली तर. आमच्याकडे त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं.

भुसावळकर ४७ | १४ मे, सकाळी १०:४०

गुरुजी, मानलं.

माझा आधीचा प्रतिसाद काढत नाही, राहू द्या. घरी विचारलं तर कळलं की आमची आत्या गेली चार वर्षं हीच जोडगोळी घेतेय. तिलाही बीपी. वय ६८. काल सोडियमला रक्त दिलं. १३२.

पारोळ्याचा निवासी | १४ मे, दुपारी ४:०५

थोडं कमी आहे, घाबरण्यासारखं नाही. पण रिपोर्ट आणि पिशवी दोन्ही घेऊन जा. आत्यांना सांगा, स्वतःहून गोळी बंद करायची नाही. चार वर्षांचं क्लोनाझेपाम अचानक सोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते.

कळण्याची भाकरी | १५ मे, सकाळी ८:३०

गोळी किती दिवस घ्यायची, हे कुणीच विचारलं नाही अजून.

पारोळ्याचा निवासी | १५ मे, रात्री ११:२०

पहिलीच खेप असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने. वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. दिवस मोजायचे ते बरं वाटल्यापासून, सुरू केल्यापासून नव्हे.

तापीकाठची लेक | २३ मे, रात्री ९:१५

काल दाखवून आलो. या डॉक्टरांनी आप्पांशी चाळीस मिनिटं बोलणं केलं, त्यातली पंधरा केळीच्या करपा रोगावर. आप्पा बोलले. आईबद्दलही बोलले. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून "ती गेली त्या दिवशी" असं वाक्य ऐकलं.

मिर्टाझापिन दिलीय, ७.५, रात्री. यात सोडियमचा धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही, म्हणून २ जूनला पुन्हा रक्त. फिजिशियनने बीपीची गोळी बदलून पाण्याच्या औषधाशिवायची दिली. पाणी किती ते लिहून दिलंय, वहिनीने मडक्यावर खडूने खुणा केल्यात. आप्पा म्हणे, मी काय बैल आहे का, खुणा बघून पाणी प्यायला.

भूक लागायला लागली की काय कोण जाणे, आज वांग्याचं भरीत मागितलं. मे महिन्यात कसलं भरीत, पण वहिनीने कुठूनतरी वांगी आणली.

औषधवाला चोपडा | २४ मे, सकाळी ८:१०

ताई, मिठाचं काय सांगितलं? लोणचं चालेल का म्हणून विचारून घ्या. आणि मिर्टाझापिनचा पूर्ण पत्ता घ्या, कापून घेऊ नका.

भुसावळकर ४७ | २४ मे, सकाळी ८:३२

आत्याची गोळी पाव पावने उतरवायला सुरुवात झाली. काल रात्रभर जागी होती आणि मला फोन करून माझ्या आजोबांच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगत होती. एक अशी सांगितली जी मी ऐकलेली नव्हती. वेगळ्या धाग्यात लिहितो.